उतरता सूर

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत
आता दोनच हातमाग उरलेत,
त्यातला एक लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने देतात.
त्याच्या वरच्या खोलीत मी,
सोल्डरचा धूर आणि उघडं टेबल.
जे यंत्र माझ्या जन्माआधीच भंगारात गेलं,
किलोच्या भावाने,
त्याचं पोट मी नव्याने भरते आहे.

ब्याऐंशी साली सिंगापूरहून आलं होतं ते,
साड्यांच्या गठ्ठ्यात गुंडाळून,
रातराणी ऑर्केस्ट्रासाठी.
अजनीला रेल्वेच्या हॉलमध्ये शनिवारी
फरशीवर बोरिक पावडर टाकायचे, बूट घसरावेत म्हणून,
आणि दिवसभर माग चालवून आलेले चिंधू निखारे
धुतलेल्या हातांनी त्याच्यामागे उभे राहायचे.
डावा हात खर्जात,
उजवा गुंडीवर.
गुंडी फिरली की आवाज
बंद दाराआडून अंगणात यायचा
आणि हॉलभर नुसते खांदे हलायचे.

माझ्याकडे काय होतं?
दुरुस्तीच्या पुस्तकाची झेरॉक्स, चौदावं पान गायब.
एक कॅसेट, जिच्यात शेवटच्या नाचावर
कोणीतरी सारखं चिवडा मागतं आहे.
आणि निखाऱ्यांच्या नातीच्या भातुकलीतून
परत मागून आणलेल्या तीन गुंड्या.

ट्रान्झिस्टर घेतले दोनशे.
जोडी जुळावी लागते, दोघांना ऊब सारखीच लागावी लागते,
नाहीतर वरचं सप्तक खालच्याला ओळखत नाही.
रोज रात्री बारानंतर, कूलर बंद करून,
एकेकाला मोजत बसले.
आईला फोनवर म्हटलं, स्थळं बघतेय.
दोनशेत सात जोड्या जुळल्या.
आई म्हणाली, बरंच आहे की.

एप्रिल संपता संपता ते बोललं.
करवतीचे दात असलेली एक लांब, सरळ लाट,
खिडकीची काच थरथरली,
खालून मागवाल्याने ओरडून विचारलं, मोटर जळाली का.
मी रडले वगैरे नाही.
भिंतीला टेकून थोडा वेळ बसले.

चिंधूकाका आले, जिना दोनदा थांबून.
उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून
डावा कान यंत्राकडे करून, तिरके बसून वाजवलं.
पाच मिनिटं. मग हात काढून घेतला.
"हे तं लयच शहाणं झालं वं पोरी."
"काहून, काका?"
"त्याले ऊन लागे."

मग सांगत राहिले:
मे महिन्यात दहा वाजले की सूर खाली यायला लागे,
कामठीचा ट्रम्पेटवाला शिव्या घालत घालत
त्याच्यासोबत उतरे,
मग गिटार, मग गाणारी बाई,
नाचणाऱ्यांना पत्ताच नाही.
"सगळेच संग उतरत. मंग चुकलं कोन?"

त्या रात्री मी एक जोडी मोडली.
चांगली जुळलेली, चौथ्या नंबरची.
तिच्या जागी दोन अनोळखी बसवले,
एकाला लवकर तापायची सवय.
आईला हे कळता कामा नये.

आज बारा मे. रात्र झाली तरी भिंती गरम.
कूलर बंद. काका खर्जाची पट्टी दाबून बसलेत,
काहीच वाजवत नाहीत, फक्त धरून आहेत.
खाली मागवाला भेंडीला फोडणी देतो आहे.
सव्वा अकराला सूर हलला.
जरासाच. अंधारात पायरी एक बोट खाली निघावी
इतका.

काका हसले नाहीत.
उठले, माठाखालचा पंचा भिजवून पिळला,
यंत्राच्या पाठीवर पसरला
आणि वर तळहात ठेवला,
लेकराचा ताप बघतात तसा.
मग स्टूल माझ्याकडे सरकवलं.
"बस. वाजव आता.
अन् तू बी जराशी उतर."

मला वाजवता येत नाही,
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.