खारपाण

बँडला नाव सुकेशिनीनं दिलं.
तिच्या घरामागच्या विहिरीचं पाणी असं,
की डाळ दुपारपर्यंत शिजायची नाही,
गिटारच्या तारा आठवड्यात गंजायच्या,
आणि पाहुण्यांसमोर कप ठेवतानाच तिची आई सांगायची,
'खारा लागन बाप्पा, चालवून घ्या.'

बाप, सुदाम तायडे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत
ठेल्यावर बसून बेंजो वाजवायचा, पायाशी बॅटरी.
तोच बेंजो तिनं नववीत असताना उघडला,
आतला पिकअप काढून
अकोल्याहून आणलेल्या जुन्या गिटारला जोडला.
बापानं दोन दिवस तोंड फिरवलं.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
'आवाज येते का?'

आला.
चक्की सुरू होताना पट्टा घसरतो ना, तसा.

मी ड्रम वाजवायचो. ड्रम म्हणजे
एक फाटका ढोल, तेलाचे दोन पिपे
आणि झांजेच्या जागी नांगराचा लोखंडी तवा.
बेसवर अफरोज, मूर्तिजापूरच्या मोबाईल दुकानातला.
सराव बंद पडलेल्या जिनिंगमध्ये,
पायाखाली जुनी सरकी, हवेत रुईची कुसं.
दर गाण्यात कुणीतरी शिंकायचं.
पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ती शिंक आहे,
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर.
माझी.

शारदोत्सवात पहिल्यांदा गायली.
लोकांना नाचायचं होतं.
'बाबाच्या रक्तातलं मीठ डॉक्टर मोजते,
माह्या ताटातलं कोन मोजन?'
'लग्नाचं वाजव ना बे!' कुणीतरी ओरडलं.
अध्यक्षानं जनरेटर बंद केला. ती गात राहिली.
आता सांगतात, सगळं मैदान गप्प झालं होतं.
तसं काही झालं नाही.
मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली
आणि पुढे येऊन बसली.
एवढंच.

मग पुणे. पांढऱ्या बुटांचा एक माणूस म्हणाला,
आवाज जबरदस्त आहे, भाषा थोडी स्वच्छ करू,
'नाई'चं 'नाही' करू.
सुकेशिनी म्हणाली, 'नाई.'
त्याला वाटलं, ती शब्द म्हणून दाखवते आहे.
हसून त्यानं कागद पुढे सरकवला.

(मीही हे शुद्धच लिहितो आहे.
तिच्या हाती पडलं तर खोडेल.)

आठ गाणी झाली. बेंगळुरू, गुवाहाटी, एकदा बर्लिन.
अफरोज दुबईला गेला, मी चक्की घेतली,
ती एकटीच उभी राहायची, मागे यंत्रात
माझे पिपे साठवलेले.
फोनवर म्हणायची,
'तुहा ठोका अजून बिनपगारी कामावर येते.'

बाप गेला त्या रात्री ती स्टेजवर होती.
हे तिनं कुठल्या मुलाखतीत सांगितलं नाही.
मलाही नाही.
पोस्टरवर तारीख होती.

दिवाळीनंतर आली. केस बारीक, डावा कान गेलेला.
गावात आता नळ आहे, धरणाचं गोड पाणी.
आईच्या चहाचा घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला.
'असा काहून लागते?'
'चांगला लागते,' आई म्हणाली,
'जलमभर वाट पाह्यली याची.'

दुपारी विहिरीवर गेलो.
जाळी गंजलेली, आत कुणाची तरी चप्पल तरंगत होती.
दोर आखूड पडला,
तिनं गिटारचा पट्टा सोडून त्याला बांधला.
एक घोट घेतला, थुंकली.
परत घेतला, या वेळी गिळला.

मी तिच्या उजव्या बाजूला सरकलो.
'चार मोज,' म्हणाली.

मी पालथ्या बादलीवर चार मोजले.
तिसरा चुकला.

'राहू दे तसाच.'