शिल्लक नग

नागपूरचा ओतारी फोनवर म्हणाला,
पन्नासच्या खाली भट्टी पेटवणं परवडत नाही, ताई.
मी म्हटलं, मला पाचच हवेत.
तो हसला, चांगल्या मनाने हसला,
आणि पन्नास ओतले.

पोत्यात आले, एसटीच्या डिकीतून.
आर्वीच्या स्टँडवर हमालाने पोतं उचललं, परत ठेवलं.
‘काय हाय वो बाई, गोटे?’
व्हॉल्व्ह गाइड.
दहा हॉर्सच्या त्या जुन्या इंजिनाचे,
ज्याच्या कंपनीला कुलूप लागून वीस वर्षं झाली
पण इंजिनांना ते कोणी कळवलं नाही.
ती अजून मिरची कांडतात,
तुरीची डाळ भरडतात,
आणि कधी तरी थांबतात.

हे लेथवर, मी मापावर.
वैशाखात कातलेला नग निवतच नाही.
गरम लोखंड मायक्रोमीटरशी खोटं बोलतं.
म्हणून रांजणाखालच्या ओल्या वाळूत
तेलाच्या फडक्यात गुंडाळून निजवते एकेक.
तो निवेपर्यंत लाइट जाते.
थ्री फेज येते रात्री दीडला,
हे अंधारात चष्मा शोधतात,
मी वाळू उकरते.

साचा कयूमभाईंचा, सागाचा.
‘ओतीव निवताना आटते, बेटा,
म्हून लाकूड जरा ढिलं कापाचं.’
किती ढिलं, ते त्यांच्या अंगठ्याला ठाऊक.
अंगठा आता अमरावतीच्या कब्रस्तानात,
साचा आमच्या खुंटीवर.
बारा हॉर्सचा साचा करायचा राहूनच गेला.

रजिस्टरमध्ये जमा पन्नास.
एक बिघडला, माझ्याच मापाने.
एक डोमाजी येवतकरांना,
एक खरांगण्याच्या तेलघाणीला,
एक नाल्यापलीकडच्या गिरणीला.
बाकी शेहेचाळीस, ग्रीस लावून, मेणकागदात.
बँकेच्या साहेबाने फळीकडे बघितलं,
हा माल फिरतो का?
मी म्हटलं, धूळ पुसायला फिरवते मी.

आणि ज्या दिवशी खरंच कोणी येतो,
रुमालात तुटका तुकडा बांधून,
पंचवीस किलोमीटर मोटरसायकलवर,
कानात, भुवयांत रस्त्याचा फुफाटा,
त्याला नेमका बारा हॉर्सचा लागतो.
सव्वा मिलिमीटर मोठा.
शेहेचाळीसही काढून त्याच्यासमोर मांडले मी,
जणू त्यातला एखादा
फळीवर बसल्या बसल्या वाढला असेल.
‘कमी करता येते बाप्पा,
वाढोता नाई येत,’ हे म्हणाले.
चहा पिऊन गेला बिचारा.

डोमाजी भेटले लग्नात, पंगतीत शेजारीच.
‘मस्त चालू हाय वो वहिनी,
हातच नाई लावा लागला.
आता वीस वर्षं पाहाले नोको.’
मी वरण कालवत हसले.
मनात आकडा मांडला:
वीस वर्षांत एक.
स्टँडसमोरच्या दुकानातला स्वस्त माल
एका हंगामात झिजतो.
त्या दुकानाला यंदा दुसरा मजला चढला.
यांना म्हटलं, थोडं कमी चांगलं करता येणार नाही का?
यांनी असं बघितलं
जसं मी मीठ कमी नाही, विष घाला म्हटलं असावं.

संध्याकाळी नाल्यापलीकडे गिरणी सुरू होते.
टुक्. टुक्. टुक्.
परवा मधलाच एक ठोका चुकला.
यांचा घास हातात राहिला. माझाही.
आणि माझा जीव हरखला,
काय सांगू, हरखलाच.
कोणाचं तरी पीठ अर्ध्यात अडलं असेल,
आणि मी इथे
कमरेच्या चाव्या चाचपते आहे.

दोनदा खोकलं इंजिन.
डिझेलमध्ये पाणी असावं.
मग आपसूक सावरलं.
टुक्. टुक्.
‘आपलाच हाय त्याच्यातला,’
हे म्हणाले,
आणि भाजी मागितली.