पाडकाम वेगळं

दिवसा मी भिंती मोजते.
गिलावा चौरस मीटरला किती, फरशी किती,
वाया जाणारं साहित्य शेकडा पाच,
आणि ज्या कामाला नाव सुचत नाही
त्याच्यासाठी तळाशी एक ओळ: किरकोळ.

रात्री गुदैबियाच्या खोलीत पटकथा वाचते.
दुसऱ्यांच्या.
एसी खोकतो, खाली करक चहावाला शटर ओढतो,
आणि कुणीतरी पाठवलेली एकशे बारा पानं.
सोबत निरोप: फक्त नजर टाक.

नजर कशी टाकतात?
चौतिसाव्या पानावर मेलेली आत्या
एकसष्टाव्यावर पोहे परतते,
हे टाकलेल्या नजरेला दिसत नाही.
त्याला अख्खा शुक्रवार लागतो.

पहिल्या वर्षीची माझी मिळकत:
बिर्याणी, दोनदा.
पडद्यावर नाव, एकदा (खानविलकरचं खानवेलकर).
आणि "आपल्या माणसांत कसले पैसे, ताई."
आपल्या माणसाचे पाण्याचे सात टँकर आहेत.
त्यातला एकही तो
नुसता ओळखीवर पाठवत नाही.

जोसमोनला तर सगळं नव्याने लिहून हवं होतं.
म्हणजे जुन्यातूनच. थोडं इकडंतिकडं.
तेव्हा एका रात्री मी स्वतःला
माझ्याच तक्त्यात घालून पाहिलं.
वाचन आणि शेरे, पानाला दोनशे फिल्स.
पुनर्लेखन तिप्पट.
मोकळ्या जागेवर भिंत उठते ओळंब्याने, सरळ.
पण घरात माणसं राहत असताना
मधली भिंत काढायची
तर आधी टेकू, मग घण, मग राडारोडा,
आणि तो राडारोडा कुणीतरी
जीव लावून रचलेला असतो.
पाडकाम वेगळं धरावं लागतं.
"मॅडम, हे तर कॉन्ट्रॅक्ट झालं," जोसमोन हसला.
हो म्हटलं, सही इथे.
त्याने केली नाही.

आधी दर विचारून मग पानं देणारा
आजवर एकच भेटला.
मारोती सोनटक्के, हिंगोलीकडचा, परांची बांधतो.
सिफच्या साइटवर, दुपारच्या सक्तीच्या सुट्टीत,
कंटेनरच्या बोटभर सावलीत येऊन उभा राहिला.
हातात वही, कडेने दोऱ्याने शिवलेली.
"मॅडम, पिक्चर लिहिलाय. तुमचा रेट काय?"

सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.
त्याच्या हातांचा दर मला पाठ होता.
परांचीवाला, प्रतिदिन:
मीच टंकला होता चौथ्या रकान्यात,
दशांशापुढच्या तिन्ही आकड्यांसकट.
कमी करू का, विचारलं.
"नको," म्हणाला,
"उद्या माझाबी कुणी कमी करंल."

पानं ब्याऐंशी. सोळा दिनार, चारशे फिल्स.
ठरलं: महिन्याला वीस पानं, चार दिनार,
पगाराच्या दुसऱ्या दिवशी.
त्याने पावती मागितली. मी फाडून दिली.

काल विसावं पान संपलं.
एक जिवंत बाई ग्रामपंचायतीत
स्वतःच्याच मृत्यूचा दाखला मागते आहे.
कारकून मान वर न करता विचारतो:
मयताशी नातं?
तिथे पान संपतं. अक्षर बारीक होत होत
कोपऱ्यात दाटलेलं.

आज हिशेबखात्यात कळलं,
साइटवाल्यांचा पगार या महिन्यात लांबणार.
किती, ते कुणी सांगत नाही.

वही टेबलावर आहे.
मी उचलते, ठेवते, भांडी घासून येते.
वाया जाणारं, शेकडा पाच:
ब्याऐंशीचे म्हणजे चार पानं,
आणि वर थोडं.