चौदा पावलं

गुळाच्या रंगाचा म्हणून गुळ्या.
तेव्हा दात पाहिले नव्हते.

सोहारबाहेरच्या कोरड्या वादीत, पुलाखाली,
फेकलेल्या टायरच्या सावलीत बसला होता,
मागच्या मांडीवर दगडाची खोक.
गाडी सुहासनं थांबवली. मी नको म्हणाले.
आता सुहास तीन-तीन आठवडे रिगवर असतो
आणि कुत्रा माझा आहे.

घरात मऊ. पोळीचा पापुद्रा हातातून घेतो
तर बोटाला नुसती ओल लागते.
फाटकाबाहेर दुसराच कोणी.
रात्रपाळीहून येणाऱ्या बिन्सी सिस्टरच्या पिशवीवर,
पाण्याचे कॅन आणणाऱ्या पोरावर,
आणि सगळ्यांत जास्त समोरच्या हमूद चाचांवर,
ज्यांचा गुन्हा एवढाच
की ते रोज हात वर करून सलाम करतात.

हे मला फार उशिरा कळलं.
वर गेलेला हात. त्याला त्यात दगड दिसतो.

तोवर दिशदाशाची किनार फाटली होती.
कातडीवर ओरखडा नाही, तरी चाचांनी
दोनदा दाखवलं, आधी घोटा, मग किनार,
आणि मी हात जोडून म्हणत राहिले, माफी, माफी.
इथे माफी म्हणजे 'नाही'. काहीच नाही, शिल्लक नाही.
अकरा वर्षं मला हे माहीत आहे.
पण घाबरलेलं माणूस आपल्याच भाषेत घाबरतं.

संध्याकाळी डब्यातून शिरा पाठवला, केशर घालून.
डबा घासून आला, रिकामा.
आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत.
त्यांच्याकडचं मला माहीत नाही.

मग बलदियाचा माणूस, एक कागद, एक सही,
एक मुसकं, मस्कतहून मागवलेलं,
आणि फोनवर रोडेल, कुत्र्यांना वळण लावणारा:
"समोर माणूस दिसतो, तरी तुझ्या हातचं खातो,
असं अंतर किती?"
मोजलं. चौदा पावलं.
"तिथून सुरू कर, मॅडम. आणि दोरी सैल.
तुझ्या मनातलं सगळं दोरीतून खाली उतरतं."

काय उतरत असेल?
घरमालक, इकामा, सुहासचा न लागणारा फोन.
आणि खरं सांगायचं तर
तो भुंकायचा तेव्हा मला आतून थोडं बरं वाटायचं.
या गल्लीत मी कधी आवाज चढवला नव्हता.

पहाटे साडेचारला, जमीन पंजे भाजायच्या आत,
खिशात उकडलेली कोंबडी घेऊन आम्ही उभे.
चाचा नमाजाला निघतात. गुळ्याचे कान ताठ.
तुकडा. बस म्हटलं की बसायचं. तुकडा.
चौदा. चौदा. तेरा. मांजर आलं, पुन्हा वीस.
एप्रिल संपला. अकरा.
माझ्या ओढणीला कोंबडीचा वास कायमचा.

मे महिन्यात एकदा दोरीची कडी निसटली.
तोंडाला मुसकं होतं, पण ते धावताना कुणाला दिसतं?
चाचा गाडीला पाठ लावून, दोन्ही तळवे पुढे,
ओरडले: बस! बस! बस!

पुरे, पुरे, पुरे.

आणि गुळ्या बसला.
धुळीत, शेपटी आवरून,
कोंबडीची वाट पाहत त्यांच्या तोंडाकडे बघत.

कुणीच हललं नाही.
मशिदीच्या भोंग्यात कुणीतरी खाकरलं.
चाचांनी हात खाली घेतले,
हळू, जसे भरलेली थाळी ठेवताना घेतात.

आता ते नातवाला फाटकाशी आणून दाखवतात:
वादीतलं पोर आहे हे,
हिंदी बाईकडे राहतं, पण आपली भाषा विसरलेलं नाही.
बस!
तो बसतो.
त्यांच्या सुनेनं अजून वाट बदललेली आहे,
कचरा टाकायला ती मागच्या बाजूनं जाते,
आणि बिन्सीची पिशवी अजून आठ पावलांवरच.

मी चाचांना काही सांगितलेलं नाही.
खिशातला तुकडा मात्र त्यांच्या हातावर ठेवला काल.
त्यांनी तो दोन बोटांत धरला, नाक मुरडलं,
आणि विचारलं, हाताने द्यायचा की टाकायचा?

टाका, म्हटलं. खालून. हात वर न नेता.