खण

सेलूच्या बाजारात तयार खुराडी आली होती,
निळ्या पत्र्याची, वर कौलांचं सोंग.
साडेचार हजार म्हणला.
दार उघडून हात आत घातला
तर कोपरच अडलं.
माझा हात जिथं वळत नाही
तिथं कोंबडी काय वळणार?

वेल्डिंगवाला वाजिद म्हणला, मावशी, माप सांगा.
कशाचं?
कोंबडीचं.

बत्तीस वर्षं या गल्लीचे ब्लाऊज शिवते मी.
कुणाचा खांदा उतरता, कुणाचा दंड सूतभर जास्त,
कोण टेप लावला की श्वास ओढून धरती,
सगळं वहीत आहे.
कोंबडीचं नव्हतं.

टेप गळ्यात टाकला न् परसात गेले.
चितळी आधी घावली. काखेत धरून घेर घेतला.
एवढ्या पिसांखाली इतकुसं अंग,
आणि टेपखाली ऊर असा धडधडे
की आकडा जागेवर थांबेना.
तांबडी चावली.
मुंगसाच्या तोंडातून सुटलेली कैरी, मान तिरकी,
ती मात्र उभी राहिली मुकाट,
पहिल्यांदा माप द्यायला आलेल्या नवरीवाणी.

नागरबाईच्या पानामागं लिहिलं:
घेर चौदा, उंची पंधरा,
शेपटासकट लांबी सतरा,
रागात असली तर वीस.

म्हणलं, वाजिद, अंड्याला तीन खण लागतील.
कापडाचे?
म्हणलं, तू वेल्डिंगच कर.

जाळी अशी की माझी करंगळी जाऊ नये.
बसायला बाभळीची दांडी, साल न काढता.
वैशाखात पत्रा तव्यासारखा होतो इकडं,
म्हणून वर तुराट्यांचा थर, त्यावर ओलं पोतं.
हे सगळं त्याला पटलं.
खणाला मात्र अडून बसला: बारा इंच पुष्कळ झाले.
मी म्हणलं, दोन बोटं माया ठेव.
लोखंडाला कसली माया, मावशी?
कापडात ठेवतात तीच रे.
अंग काय आज आहे तसंच राहतं?

त्यानं गिरमिट खाली ठेवलं,
आपल्या पोटाकडं बघितलं,
आणि चौदावर खूण केली.

आत घालायला भुसा नव्हता, चिंध्यांचं गाठोडं होतं.
दोरे वेचून काढले, घशात अडकतात ते.
एका खणात नागरबाईचा हिरवा खण,
एकात खुर्शीदच्या लेकीच्या शादीचं सॅटिन,
तिसऱ्यात शाळेच्या गणवेशाचं आकाशी.
त्यात एक पांढरा गोटा ठेवला, अंड्याएवढा.
थाप आहे ती, पण त्यांना चालती.

तीन दिवस कुणी फिरकलं नाही.
तांबडी मशीनच्या पायट्यावर घालून गेली,
मुद्दाम.

चौथ्या दिवशी दुपारी
चितळी सॅटिनपाशी थांबली,
मान घातली, काढली, घातली.
आत जाऊन एक गिरकी घेतली. मग उलटी एक.
शेपूट कुठं घासलं नाही.

वाजिद राहिलेले पैसे न्यायला आला होता.
दारातूनच म्हणला, बसलं का?
मी तोंडावर बोट ठेवलं.
थांब जरा.
ट्रायल चालूय.