डांबर

लोकर कातरायच्या शेडमध्ये तेव्हा डांबऱ्या पोरगा ठेवत.
बारा वर्षांचा एल्विन ट्रेगेन्झा, हातात डबा, डब्यात ब्रश.
कात्री निसटून मेंढीची कातडी फाटली
की कातरणारा मान वर न करता ओरडायचा, "डांबर!"
आणि हा पळायचा.
जखमेवर काळा फटकारा, मेंढी उतरणीवरून खाली,
पुढची वर.
सगळ्यात जास्त हाका रेग पास्कोच्या,
कारण रेग सगळ्यात भरभर कातरायचा.

आमचं गाव म्हणजे एक रस्ता, एक सायलो, दोन चर्च, एक पब;
दोन्ही चर्चची माणसं पबातच भेटायची.
दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर
शाईचा थेंब पडला तर झाकलं जाईल एवढं.

भरतीच्या साहेबानं विचारलं, काय येतं तुला?
एल्विन म्हणाला, "जखमा."
हे सांगताना तो हसला होता.
तेवढंच हसला होता.

न्यू गिनीत चिखल बुटात शिरायचा
आणि बूट घेऊनच निघायचा.
मलेरियाच्या गोळ्यांनी सगळी पलटण हळद लागल्यासारखी पिवळी.
दोन बांबू, एक कांबळं, झालं स्ट्रेचर,
आणि ते उचलणारे तिथल्याच डोंगरांतले हमाल,
ज्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत.
एकाचं त्याला आठवायचं: ओविया.
ओविया उतारावरसुद्धा स्ट्रेचर इतकं सपाट धरायचा
की जखमीच्या छातीवर ठेवलेला पाण्याचा मग
डुचमळायचा, सांडायचा नाही.

मॉर्फिन दिलं की कपाळावर 'एम' लिहायचा,
खाली कुणी दुसऱ्यांदा टोचू नये म्हणून.
कॉपिंग पेन्सिल, टोक जिभेवर ओलं करून.
कित्येक महिने त्याची जीभ
जांभळं खाल्लेल्या पोरासारखी.

रेग पडला तो ओंडक्याच्या पुलापलीकडे.
कोण पडलं ते बघावं लागलं नाही.
"डांबर, पोरा!"
आवाज शेडमधलाच. थोडा हसतासुद्धा.
एल्विन पळाला,
बाराव्या वर्षी पळायचा तसाच, एक हात अंगाशी धरून,
डबा सांडू नये म्हणून.

पोट कुठून कुठवर उघडं होतं ते त्यानं मला सांगितलं नाही.
पिशवी उघडून किती वेळ बसून राहिला,
तेही नाही.

रेगच्या आईला म्हणाला, झोपेत गेला.
ती दर रविवारी केशराचा पाव घेऊन यायची
आणि दारातच विचारायची, काही बोलला होता का?
हा म्हणायचा, तुमच्या लिंबाबद्दल.
सोळा वर्षं तोच प्रश्न, तेच झाड.
मग ती गेली,
आणि लिंबाला पाणी घालायला हा जाऊ लागला.

सायलोच्या वजनकाट्यावर त्याची खिडकी होती.
गव्हाचे ट्रक तोलायचा, आकडे लिहायचा,
पेन्सिल जिभेला कधी लावली नाही.
कुणाला साप चावला, कुणाचं बोट पट्ट्यात गेलं,
तर माणसं डॉक्टरच्या आधी काट्यावर यायची.
तो बांधायचा, हात धुवायचा,
पुढच्या ट्रकचं वजन लिहायचा.
कातरणीच्या आठवड्यात मात्र समुद्रावर जायचा, मासे धरायला.
एकही मासा आणल्याचं कुणाला आठवत नाही.

मी नऊ वर्षांची असताना कौन्सिलनं आमचा रस्ता पक्का करायला घेतला.
ट्रक अडकून पडले होते.
त्या दुपारी त्यानं मला हे सगळं सांगितलं,
क्रमानं नाही,
नऊ वर्षांच्या मुलीला सांगावं तसंही नाही.
स्टुलावर बसून मी केसांतली बार्ली वेचत होते.

मधेच वाफाळत्या टाकीमागून मुकादम ओरडला,
"डांबर!"

एल्विन उभा राहिला.
हात कमरेपाशी गेला, डाव्या बाजूला,
जिथे काहीच नव्हतं.

मी म्हटलं, तुम्हाला नाही, त्यांना रस्त्यासाठी हवंय.

"माहीत आहे," तो म्हणाला.

तरी बराच वेळ उभाच होता.