आठ दारं

एर्मिनिओ म्हणतो, डबा म्हणजे डबा.
भोकं मोज आणि घे.
कॅटलॉगच्या एकाच पानावर दोघे शेजारी:
एक बावीस युरोंचा, एक दोनशे चाळीसचा.
दोघांनाही आठ दारं, दोघांचेही हिरवे दिवे.
"जास्तीच्या पैशांत काय, नववं दार मिळतं?"

साओ जॉर्ज बेटावरच्या चीजच्या तळघरात
आम्ही उभे. फळ्यांवर नऊ-नऊ किलोंची चाकं,
काही माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाची.
वास असा, की परतीच्या बोटीवर
माझ्या शेजारचं बाक आपोआप रिकामं होतं.

त्याला कसं सांगू?
साधा स्विच भोळा असतो, मठ्ठ नव्हे.
कोण कुठल्या दारामागे राहतं, आपलं आपण शिकतो,
वजनकाट्याचा निरोप छपाईयंत्राला नेऊन देतो,
नाव विचारत नाही, पगार मागत नाही.
फक्त सगळ्यांसाठी हाक आली
की सगळ्या दारांतून ओरडतो.
आणि आपलाच आवाज दुसऱ्या दारातून परत आला
तर त्याला वाटतं, नवीनच कुणीतरी बोलावतंय.
पुन्हा ओरडतो.

फेब्रुवारीत हेच झालं.
गिल फरशी पुसत होता. एका वायरचं टोक लोंबकळत होतं.
नीटनेटका मुलगा, आईने तसाच वाढवलेला;
त्याने ते उचलून रिकाम्या दारात बसवलं.
दुसरं टोक त्याच डब्यात होतं.

काटा मुका झाला. लेबलं थांबली.
तळघरातला दमटपणा मोजणारा सेन्सर
बासष्टवर गोठला आणि तिथेच राहिला.
मी टेर्सेइरावर, वाऱ्याने बोट रद्द.
फोनवर विचारलं, कोणता दिवा लुकलुकतोय?
देओलिंडा म्हणाली, "सगळेच गं, बेल्मिरा.
इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते."

अकरा तासांनी एकेक वायर उपटत तिनेच ती शोधली.

"महागडा असता," मी म्हणाले,
"तर त्याने ते दार तिथल्या तिथे लावून घेतलं असतं.
लिहून ठेवलं असतं: दहा बेचाळीस, पाचवं दार.
कॅमेऱ्याची बडबड काट्याच्या कानी
पडू दिली नसती."
एर्मिनिओने एका चाकावर अंगठा दाबला,
मग गाल टेकवला. त्या रात्रीही
तो असाच फिरला होता, फळीमागून फळी.
"अकरा तासांत काय नासलं? दाखव."
काहीच नव्हतं नासलं.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
पलीकडच्या बेटावर, मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात,
असाच एक हुशार स्विच आहे.
त्याचा पासवर्ड माहीत असलेला माणूस कॅनडाला गेला.
चार वर्षं तो सगळं टिपून ठेवतोय,
वाचायला कुणी नाही.
माझं कंत्राट जूनमध्ये संपतं.

शेवटी सांगितलीच.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"महागडा घे. पण पासवर्ड माझ्या वहीत."
चीजच्या वहीत, पेन्सिलीने,
तारीख, दूध, मीठ, दमटपणा,
आणि समासात माझी चौदा अक्षरं,
त्यातला एक आकडा त्याने दोनदा गिरवला.
एका दुपारी मी त्याला एवढंच शिकवलं:
कुठे जाऊन बघायचं, आणि कशाला हात लावायचा नाही.
दुसरं त्याला पहिल्यापेक्षा लवकर समजलं.

जुना डबा कँटीनमध्ये गेला,
टीव्ही आणि गल्ला सांभाळतो. तिथे त्याचं बरं चाललंय.

नव्यावर एर्मिनिओने अंगठा दाबून पाहिला.
"कोमट आहे," म्हणाला, जरा संशयाने.

ती वायर अजून लोंबतेच. काढायला हवी,
पण भिंतीतून आलीय आणि भिंत दगडी.
गिलने टोकाला चिकटपट्टी लावली,
त्यावर शाळकरी अक्षरात लिहिलं:
मला कुठेही जायचं नाही.